सासरेबुवांचा देश

"काका, तुम्ही अमेरिकेत कधी आलात?" असं कुणी विचारलं की माझे सासरे शांतपणे सांगतात, "मी अजून आलोच नाही."

विचारणारा त्या वेळी आमच्या बॉथेलच्या घरात, आमच्या सोफ्यावर, त्यांना खेटून बसलेला असतो. तो आधी त्यांच्याकडे बघतो, मग माझ्याकडे. वयाचा परिणाम असावा, असा एक सहानुभूतीचा भाव त्याच्या तोंडावर येतो. मग मला खुलासा करावा लागतो की बाबा कॅनडाचे आहेत, इथे फक्त हिवाळ्यापुरते आलेत. "अच्छा, म्हणजे तेच की," असं तो म्हणतो. "ते नाही," असं बाबा म्हणतात. एवढंच. आवाज चढवायचा नाही, हसू मावळू द्यायचं नाही, पण दुरुस्ती केल्याशिवाय सोडायचंही नाही.

बाबा मूळचे नागपूरचे. इंजिनियर होऊन पंचविशीच्या आतच कॅनडाला गेले, पूर्वेकडच्या ओंटारिओ प्रांतातल्या एका लहान गावात पाणीपुरवठ्याच्या खात्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथून हलले नाहीत. माझी बायको तिथेच जन्मली. सासूबाई तीन वर्षांपूर्वी तिथेच गेल्या. तेव्हापासून बाबा त्या घरात एकटे. मागच्या हिवाळ्यात सकाळी पेपर उचलायला म्हणून बाहेर आले, दारासमोरच्या बर्फावरून पाय सरकला आणि मनगट मोडलं. शेजाऱ्याचं लक्ष गेलं म्हणून बरं. आम्हाला कळलं ते प्लास्टर चढल्यावर, तेही "जरासं लागलं होतं" अशा बोलीत.

त्या दिवसापासून बायकोची झोप उडाली. रोज सकाळी उठल्या उठल्या फोन. त्यांनी दोन रिंगमध्ये उचलला नाही तर ही लगेच शेजाऱ्याला लावायची. शेवटी नोव्हेंबरात ती स्वतः गेली आणि त्यांना घेऊन आली. मुलगा कॉलेजला गेल्यापासून त्याची खोली रिकामीच होती. बाबांना तिनं सांगितलं, हिवाळ्यापुरते चला. तिच्या मनात मात्र कायमचे. ती इथली नागरिक आहे, वडिलांच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज करू शकते. प्रश्न फक्त त्यांच्या होकाराचा होता, आणि ते विचारलं की म्हणायचे, "बघू."

"त्यांनी पुन्हा एकट्यानं त्या बर्फात जायला नकोय मला," बायको म्हणाली. "तू त्यांना इथे रमव. तुला बोलायला आवडतं ना, मग बोल."

हे काम माझ्यावर सोपवणं ही तिच्या आयुष्यातली दुसरी मोठी चूक. पहिली तिनं लग्नात केली होती.

मी जोरात सुरुवात केली. म्हातारा माणूस, बायको गेलेली, परका मुलूख. म्हणजे याला काय हवं असणार? भारत हवा असणार, असं मी ठरवून टाकलं. मग मंडळाचा प्रत्येक कार्यक्रम, प्रत्येक भजन, कुणाच्या तळघरातली क्रिकेटची मॅच, सगळीकडे बाबांना नेलं. ओळखीतून सावजी मसाला मागवला आणि असं तिखट चिकन केलं की घरातला धुराचा अलार्म वाजला. बाबा सगळीकडे आले, सगळ्यांशी गोड बोलले, चिकन खाऊन "छान झालंय" म्हणाले आणि दोन ग्लास पाणी प्यायले. सकाळी मात्र फोनवर बोट फिरवत, कुणी विचारलेलं नसताना, जाहीर करायचे, "आमच्याकडे आज उणे अठरा." पहिल्या दिवशी मी दचकलो. नागपूरला उणे अठरा म्हणजे प्रलयच. मग लक्षात आलं की 'आमच्याकडे' म्हणजे ओंटारिओ. आणि आवाजात काळजी नव्हती, अभिमान होता. बॉथेलला तेव्हा पाऊस भुरभुरत होता. त्याच्याकडे ते खिडकीतून असे बघत, की याला काय हिवाळा म्हणायचं.

संक्रांतीच्या आठवड्यातल्या शनिवारी आम्ही चार कुटुंबांना तिळगुळाला बोलावलं. त्या दिवसांत बातम्यांत एकच विषय होता. इथली मोठी माणसं कॅनडाला आपलं आणखी एक राज्य करून घ्यायच्या गोष्टी करत होती. कोण गमतीनं, कोण खरंच, काही कळत नव्हतं. इकडे आमच्या घरात पुण्याचे, मुंबईचे, नागपूरचे लोक जमलेले, लाडू फिरताहेत, आणि मला चार माणसं एकत्र दिसली की गप्प बसवत नाही. हे दुखणं जुनं आहे.

कुणीतरी विचारलं, "काय मग, काकांच्या ग्रीन कार्डाचं कुठवर आलं?"

मी म्हणालो, "आता अर्जाची भानगडच नको. बाबांचा अख्खा देशच आमच्यात येतोय म्हणे. जरा दम धरला तर घरबसल्या अमेरिकन होतील."

हशा झाला. मी स्वतः सगळ्यात मोठ्यानं हसलो, त्यामुळे इतरांचं हसू थांबलेलं मला उशिरा कळलं. बाबांनी हातातला अर्धा लाडू बशीत परत ठेवला होता. "असं बोलू नये," ते म्हणाले. रागानं नाही. लहान मुलानं देवाच्या फोटोला पाय लावला तर आपण म्हणतो ना, तसं. मग उठले, कोट घातला, "जरा फिरून येतो," म्हणाले आणि भुरभुरत्या पावसात निघून गेले.

"लाडू हातात देताना गोड बोला म्हणालास," पुण्याची एक काकू मला म्हणाली, "आणि स्वतः हे काय बोललास?"

बायकोनं बाबांची बशी उचलली आणि आत निघून गेली. ते जास्त वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा कोरा चहा पीत होते. मी विचारलं, "दूध संपलं का?"

"नाही, आहे की फ्रीजमध्ये."

"मग?"

"ते तुमच्याकडचं आहे," बाबा म्हणाले आणि चहात आणखी थोडी साखर घातली.

मला वाटलं, एका दिवसाचा रुसवा. पण बाबा रुसले नव्हते, त्यांनी ठरवलं होतं. त्यांच्या गावातले सगळेच तेव्हा दुकानात पाकिटं उलटी करून माल कुठला ते बघत होते. शेजाऱ्यानं त्यांना फोनवर सांगितलं होतं. मग बाबांनीही सुरू केलं. फरक इतकाच की गावातले लोक ते कॅनडात राहून करत होते आणि बाबा अमेरिकेतल्या दुकानात, अमेरिकन ट्रॉली ढकलत. माझ्याबरोबर आले की चष्मा कपाळावर चढवून एकेक वस्तू डोळ्यांजवळ धरायची, वाचायची आणि हळूच जागेवर ठेवायची. बटाटे इथले, सफरचंदं इथली, पाव इथला. संत्र्यांच्या ढिगापाशी जास्त वेळ थांबले. एक उचललं, साल नखानं जरासं खरवडून वास घेतला आणि ठेवून दिलं. कॅलिफोर्नियाचं होतं. नागपूरच्या माणसानं संत्र्याला नाही म्हणताना मी प्रथमच पाहिलं.

"बाबा, तुम्ही अमेरिकेत बसून अमेरिकेवर बहिष्कार टाकताय."

"हो," ते म्हणाले. "थोडं गैरसोयीचं आहे."

"मग आम्हीही टाकू का?"

"तुम्ही कशाला? तुम्ही घ्या हो सगळं. तुमचा देश आहे."

मी म्हणालो, "माझा पासपोर्ट तर अजून भारताचा आहे." हे खरं आहे. वीस वर्षं झाली, ग्रीन कार्डावर मजेत राहतोय. इथलं नागरिकत्व घ्यायचं राहून गेलंय, ते प्रेमामुळे की आळसामुळे, हे मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही.

बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे देश तुमचा ना तो, ना हा. आणि चिडवलं मला." मग ट्रॉली पुढे ढकलून हसले. ते हसले म्हणून माझा जीव जरा भांड्यात पडला.

भारतीय दुकानात मात्र त्यांना घबाड सापडलं. मसुराच्या डाळीचं पाकीट उलटं केलं आणि पाठीवर कॅनडाचं नाव. "हा आमच्या सस्कॅचेवान प्रांतातला असणार," बाबा म्हणाले. देवगडच्या हापूसबद्दल बोलावं त्या आवाजात. दोन मोठी पाकिटं घेतली. त्या आठवड्यात आमच्याकडे मसुराची आमटी झाली, मसुराची खिचडी झाली, एके दिवशी मसुराची धिरडीही झाली. बायको मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "जोक तू केलास, पोट माझं दुखतंय."

हे ती हसत म्हणाली. पण दोन दिवसांनी, बाबा फिरायला गेलेले असताना, ती ओट्याला टेकून नुसती उभी होती. म्हणाली, "रोज सकाळी ते समोर बसून कोरा चहा पितात. तक्रार करत नाहीत. मला वाटतं, माझे वडील माझ्या घरात उपास करताहेत. अशानं कसे राहतील ते इथे? तू निस्तर हे, प्लीज."

आता माझ्या डोक्यातून ज्या कल्पना निघतात, त्यांचा इतिहास चांगला नाही. पण ही निघाली तेव्हा मला स्वतःचंच कौतुक वाटलं. आमचं बॉथेल अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे, तिथून कॅनडाची सरहद्द दोन तासांवर. बाबांना कॅनडाचं दूध हवं. तर कॅनडाचं दूध आणू. आणि साधं नाही, पिशवीतलं. कारण बायकोच्या लहानपणाच्या गोष्टींत ती पिशवी नेहमी असायची. त्यांच्याकडे दूध पिशवीत यायचं, पिशवी एका प्लास्टिकच्या जगमध्ये उभी ठेवायची आणि वरचा कोपरा कात्रीनं कापायचा. तो मान हिचा असे, आणि ही दर वेळी भोक मोठं पाडायची, मग दूध कपापेक्षा टेबलावर जास्त. हे ऐकून मी एकदा बाबांना म्हणालो होतो, "दुधाची पिशवी बघून तुम्हाला घरची आठवण येत असेल." आम्ही पुण्याचे, सकाळी दाराच्या कडीला लटकलेली पिशवी म्हणजे आमच्या दृष्टीनं अस्सल भारत. तर बाबा म्हणाले होते, "नाही हो, आम्ही नागपूर सोडलं तेव्हा बाटल्या होत्या. पिशवी पहिल्यांदा कॅनडात पाहिली. पुढे एकदा नागपूरला गेलो, तर तुमच्या सासूबाई म्हणाल्या, अगंबाई, इकडेही आली का आपल्यासारखी पिशवी." त्या 'आपल्यासारखी'कडे मी तेव्हा नीट लक्ष दिलं असतं, तर पुढचं पेट्रोल वाचलं असतं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही दोघं निघालो. बायकोला काम होतं. तिनं मला दारात फक्त "त्यांच्याशी नीट बोल," एवढं सांगितलं. नीट बोलायचंच मीही ठरवलं होतं. सगळा रस्ताभर मी माझं म्हणणं मांडत होतो.

"बघा बाबा, दोन तास. इथे राहूनही महिन्यातून एकदा देशात. नागपूरहून अमरावतीला जावं तसं."

"अमरावती नागपूर नाही," बाबा म्हणाले.

"पण विदर्भच ना?"

"राजे हो, गाडी चालवा."

सरहद्दीवर कॅनडाच्या बाजूच्या खिडकीत एक तरुण बाई होती. तिनं माझा भारतीय पासपोर्ट बघितला, ग्रीन कार्ड बघितलं, बाबांचा कॅनडाचा पासपोर्ट बघितला आणि विचारलं, कशासाठी येताय?

मी म्हणालो, "दूध घ्यायला."

तिनं मान वर केली. "दूध?"

"पिशवीतलं," मी म्हणालो. अधिकाऱ्यांसमोर कमी बोलावं, हे मला सगळ्यांनी सांगितलेलं आहे. तरी मी पुढे म्हणालो, "माझ्या सासऱ्यांनी अमेरिकेवर बहिष्कार टाकलाय."

ती वाकून पलीकडे बाबांकडे बघू लागली. बाबा इंग्रजीत म्हणाले, "हा माझा जावई." जणू त्यात सगळा खुलासा आला. तिलाही तो पटला असावा. तिनं पासपोर्ट परत दिले आणि हसून म्हणाली, "पिशवीतलं दूध. गुड लक." ती तेव्हा का हसली, ते मला अर्ध्या तासानं कळलं.

पहिल्या दुकानात दुधाच्या कपाटासमोर मी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरलो. खोकी होती, प्लास्टिकचे मोठे जग होते, अगदी आमच्या बॉथेलला मिळतात तसे. पिशवी नव्हती. दुसऱ्या दुकानात नव्हती. तिसऱ्या दुकानात मी खाली वाकून मागच्या रांगेत हात घालत होतो, तेव्हा शेजारून आवाज आला, "क्या ढूँढ रहे हो, बेटा?"

एक सरदारजी होते, बाबांच्याच वयाचे, ट्रॉलीत पालकाच्या जुड्या. मी म्हणालो, दुधाची पिशवी. ते इतके हसले की दाढी हलली. "वो यहाँ नहीं मिलती. वो तो उधर, ओंटारिओ में." आणि मग बाबांकडे बघून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "तुम्ही तिकडचे का?"

बाबांनी गावाचं नाव सांगितलं. सरदारजींनी हातातली पालकाची जुडी ट्रॉलीत ठेवली. ते पंधरा वर्षं त्याच बाजूला ट्रक चालवत होते.

मी मनात म्हटलं, झालं. दोन म्हातारे, एक पंजाबचा, एक विदर्भाचा. आता गाव, शेत, जुनी गाणी, कोण कधी देश सोडून आला, हे सगळं निघणार. मी बाजूला उभा राहिलो. त्यांच्या गप्पा मात्र कुठल्या रस्त्यावर मीठ आधी टाकतात, यावर सुरू झाल्या. मग एका हिवाळ्यात बर्फाच्या वादळानं वीज गेली होती, तेव्हा कुणी कुणाच्या घरी मुक्काम केला, ते निघालं. मग बाबा म्हणाले, त्या वेळी आम्ही पाणी एक तास बंद पडू दिलं नाही. सरदारजी म्हणाले, ते पाणी मी तुमच्या गावच्या पेट्रोलपंपावर प्यायलोय. बाबांनी यावर नुसती मान हलवली, पण त्यांचे कान लाल झाले. "हमारे यहाँ," असं सरदारजी चार-पाचदा म्हणाले असतील, आणि एकदाही ते पंजाबबद्दल बोलत नव्हते. मीठ, बर्फ, वीज, पाणी. मला यातलं काहीच देशप्रेमासारखं ऐकू येत नव्हतं. आमच्याकडे त्याला निदान एखादा लाऊडस्पीकर लागतो. निघताना सरदारजी त्या बातम्यांबद्दल एकच वाक्य बोलले, "घर छोटा हो या बड़ा, घर तो घर है जी." दोघांनी हात मिळवले. तो हात बाबांनी जरा जास्त वेळ धरला.

बाबा तीन महिन्यांत माझ्याशी जेवढं बोलले नव्हते, तेवढं दुधाच्या कपाटासमोर बोलले होते.

आम्ही प्लास्टिकच्या जगमधलं साधं दूध घेतलं. "पिशवी नाही मिळाली, सॉरी," मी म्हणालो.

"अहो, पिशवीचं काय एवढं," बाबा म्हणाले. "हेही आमचंच आहे." परतीच्या वाटेवर तो जड जग त्यांनी मागे ठेवू दिला नाही. मांडीवर घेऊन बसले.

अमेरिकेच्या बाजूची रांग लांब होती. आमचा नंबर आला तेव्हा अधिकाऱ्यानं पासपोर्ट घेतले, बाबांच्या मांडीवरचा जग बघितला आणि त्यांना विचारलं, "सर, तुम्ही राहता कुठे?"

बाबा जगाचं झाकण घट्ट करू लागले. माझ्या तोंडाला कुलूप नाही. मी म्हणालो, "आमच्याकडे. बॉथेलला."

"मी त्यांना विचारलं," अधिकारी म्हणाला.

बाबा माझ्या बाजूच्या खिडकीकडे झुकले. मग स्वच्छ, सावकाश इंग्रजीत ते म्हणाले, "मी ओंटारिओला राहतो. मुलीकडे आलोय. मार्चमध्ये घरी परत जाणार आहे."

अधिकाऱ्यानं पासपोर्ट दिले. आम्ही पुढे निघालो. माझ्या डोळ्यांसमोर बायको उभी होती, ओट्याला टेकून. तिनं मला एक काम दिलं होतं, आणि मी तिच्या वडिलांना स्वतः गाडी चालवत नेऊन, सरकारी माणसासमोर उभं करून, त्यांच्या तोंडून नकार वदवून आणला होता.

शेवटी मी म्हणालो, "बाबा, मार्चचं हिला माहीत आहे का?"

"नाही," ते म्हणाले. "मलाही तो माणूस विचारेपर्यंत नक्की माहीत नव्हतं."

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. बायकोनं जग हातात घेतला, "पिशवी कुठेय?" म्हणाली आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाली, "अरे, कॅनडाच्या या बाजूला नसते ना पिशवी. तू मला विचारलं का नाहीस? मी वाढलेय तिकडे." ते खरंच होतं. माझ्या बायकोला विचारायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिनं चहा टाकला, नव्या दुधाचा. बाबांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला. तिचा चेहरा उजळला. आता ती नक्की ग्रीन कार्डाचं काढणार, हे मला दिसत होतं. मी घाईघाईनं पावसाबद्दल बोलू लागलो. बाबांनी मला हातानं थांबवलं.

"बेटा," ते तिला म्हणाले, "मी मार्चमध्ये जातो."

ती हसली. "कुठे?"

"घरी. आज बॉर्डरवर त्या ऑफिसरला तसं सांगितलंय. आता सरकारी माणसाशी खोटं बोलता येणार नाही."

तिनं आपला कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "म्हणजे मला सांगायच्या आधी ऑफिसरला सांगितलंत."

"त्याला सांगणं सोपं होतं," बाबा म्हणाले.

ती रडली. फार नाही, पण टेबलावर कोपर टेकून, लहान मुलीसारखी. म्हणाली, "मार्चमध्ये तिकडे बर्फ असतो, बाबा."

"असतोच. एप्रिलमध्येही असतो."

"पुन्हा पडलात तर?"

"पडेन कदाचित," बाबा म्हणाले. ते खोटा दिलासा देत नाहीत, ही त्यांची जुनी खोड आहे. "पण बघ, इथे तू आहेस, जावईबापू आहेत, माझी काही तक्रार नाही. इथलं पाणीही चांगलं आहे, मी चव घेऊन बघितलंय. फक्त ते माझ्या हातचं नाही. तिकडे कुणाच्याही घरी नळ सोडला की मला माहीत असतं, ते कुठून कसं आलंय. तुझ्या आईला तुम्ही शेवटी पाजलंत ते पाणीही. आता परवा इथले मोठे लोक म्हणतात, देश घेऊन टाकू. घेऊन टाकतील तेव्हा टाकतील. पण तेव्हा मी तिथे नसलो तर बरं दिसणार नाही."

एवढं सलग ते मराठीत बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. मला यावर काही गमतीचं सुचलं नाही. सुचलं असतं तरी, मला वाटतं, मी गिळलं असतं. वाटतं असं म्हणतोय, खात्री नाही.

बायकोनं नाक पुसलं. मग बोलणी सुरू झाली, आणि त्यात ती अगदी तिच्या आईवर गेली आहे. बुटांना खालून खिळे लावायचे. दारासमोरचा बर्फ स्वतः उपसायचा नाही, माणूस लावायचा. पेपर बंद, फोनवर वाचायचा. बाबांनी सगळं कबूल केलं, पेपर सोडून. पेपरवर अर्धा तास गेला. शेवटी शेजारी तो दारात आणून देईल, असं ठरलं. मग ती म्हणाली, "आणि मार्चमध्ये मी तुमच्याबरोबर येणार. बर्फ जाईपर्यंत राहणार. काम मी तिथून करीन."

मी म्हणालो, "आणि मी?"

दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू या घरात तिसरंही कुणी आहे हे त्यांना आत्ताच कळलंय. तिचा चेहरा मी नीट पाहिला. बाप घरी जाणार म्हणून ती दुःखी होती, यात शंका नाही. पण स्वतःही जाणार म्हणून तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं, ते मी लग्नाच्या इतक्या वर्षांत ओळखलं नव्हतं. तिनं इथलं नागरिकत्व घेतलं तेव्हा बाबांनी फोनवर फक्त विचारलं होतं, "तिकडचा पासपोर्ट ठेवलास ना?" ती "हो" म्हणाली होती. मला ती बापलेकीतली एक औपचारिकता वाटली होती.

मार्चमध्ये मी दोघांना विमानतळावर सोडायला गेलो. सामान दिलं, तिनं मला फ्रीजमध्ये काय काय आहे ते तिसऱ्यांदा सांगितलं आणि रांगेत पुढे गेली. बाबा मागे थांबले. कोट आत्ताच घातलेला, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. म्हणाले, "तुम्ही कधी येताय?"

"उन्हाळ्यात येतो, बाबा. जुलैत."

"जुलैत काय, कुणीही येतं," बाबा म्हणाले. "जानेवारीत या."

मी पुण्याचा माणूस. स्वेटरशिवाय मला ऑक्टोबरही सोसत नाही, आणि त्यांच्याकडे जानेवारीत काय असतं ते मी हिवाळाभर रोज सकाळी ऐकलेलं होतं. पण एवढ्या वर्षांत त्यांनी मला जुलैचंच बोलावणं केलं होतं, पाहुण्याचं. मी काही विचार न करता हो म्हणालो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, एकदा दाबला आणि मुलीच्या मागे रांगेत जाऊन उभे राहिले.